आमिष टाकून शिकार: करावी का, आणि करायचीच तर कशी

खाणं टाकून जनावर बोलवायचं आणि मग मारायचं, हे बरोबर की चूक यावर शिकाऱ्यांमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी बंदुकीवरून पण होत नसतील. एक जण म्हणतो ही सरळसरळ फसवणूक आहे, दुसरा म्हणतो मग मचाणावर लपून बसणं काय आणि मादीचा आवाज काढून नराला बोलवणं काय, तीही फसवणूकच की. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे, म्हणून तो वाद कधी मिटत नाही. मला वाटतं वाद भलत्याच मुद्द्यावर चाललाय. लपणं, चकवणं हे शिकारीत असणारच, वाघ पण तेच करतो. आमिषाची गोष्ट वेगळी आहे ती यासाठी की तुम्ही घरी गेल्यावर पण ते चालूच असतं. तुम्ही मचाणावर बसता दोन-तीन तास, मक्याचा ढीग तिथे चोवीस तास पडलेला असतो, आणि तो कोण खातंय, कोण कोणाच्या तोंडाला तोंड लावून खातंय, कुणाला माणसाच्या वासाची सवय लागतीये, या सगळ्याला जबाबदार तुम्हीच. खाली जे लिहिलंय ते सगळं हीच एक गोष्ट धरून लिहिलंय.

आधीच सांगून टाकतो, हे फक्त जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिलीये तिच्यात आमिष लावणं पण येतं, म्हणजे गोळी झाडलीच पाहिजे असं काही नाही. फोटोसाठी मांसाचे तुकडे टाकणाऱ्यांनी ती व्याख्या एकदा शांतपणे वाचावी.

आमिष नक्की कशाला म्हणायचं

इथेच निम्मा गोंधळ होतो म्हणून थोडं सविस्तर. जंगलात आपोआप पिकलेल्या फळांच्या झाडाखाली बसलात, पाणवठ्यावर बसलात, शेतकऱ्याने त्याच्या धंद्यासाठी पेरलेल्या शेताच्या बांधावर बसलात, तर जनावर जिथे नाहीतरी येणारच होतं तिथे तुम्ही गेलात, एवढंच. पाणवठ्यावर बसण्याबद्दल पण माझे आक्षेप आहेत, खास करून दुष्काळात, पण तो वेगळा विषय. दुसऱ्या टोकाला मक्याचा ढीग, गोड पदार्थांनी भरलेलं पिंप, झाडाला टांगलेलं मांस, मिठाची चाटण, आणि पूर्वी बांधत तसं जिवंत जनावर. हे सगळं तुम्ही नेऊन ठेवलं नसतं तर तिथे नसतंच. मधल्या पट्ट्यात येतं ते शिकारीसाठीच पेरलेलं हिरवं शेत. यात खाणं एका ढिगात नसतं, एकराभरात पसरलेलं असतं, जनावरं लांबलांब उभी राहून चरतात, त्यामुळे रोगाचा धोका बराच कमी, पण पेरण्यामागचा हेतू तोच, त्यामुळे मी ते आमिषच धरतो, सौम्य प्रकारचं.

ही रेषा सगळ्यात स्पष्ट आखलीये ती अमेरिकेतल्या स्थलांतरी पक्ष्यांच्या नियमांत. बदकांची शिकार दाणे टाकून करायला तिथे १९३५ पासून बंदी आहे. उभ्या पिकावर किंवा नेहमीच्या पद्धतीने कापणी झाल्यावर सांडलेल्या दाण्यांवर चालतं, पण न कापलेलं पीक मुद्दाम आडवं करून दाणे पाडले आणि त्यावर बदकं मारली तर तो गुन्हा. आणि दाणे पूर्ण उचलल्यावर सुद्धा पुढचे १० दिवस ती जागा आमिष लावलेलीच मानली जाते, कारण पक्ष्यांची सवय तेवढे दिवस मोडत नाही. मला हा १० दिवसांचा नियम फार आवडतो. ढीग उचलला म्हणजे आमिष संपलं असं होत नाही, ते जनावराच्या डोक्यात अजून असतं, हे त्यात मान्य केलंय. १९९८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून प्रश्न असा विचारतात की शिकाऱ्याला आमिष आहे हे माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का. म्हणून दुसऱ्याच्या जागेवर जात असाल तर आदल्या दिवशी उजेडात ती जागा स्वतः पायी फिरून बघा, जमिनीवर कुठे दाणे, मिठाचे खडे, नको तेवढे पायाचे ठसे एकाच जागी दिसतायत का, आणि मालकाला सरळ तोंडावर विचारा. "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणून सुटता येत नाही.

कायदा बघा, पण तिथेच थांबू नका

प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक प्राण्यासाठी, कधीकधी एकाच राज्याच्या दोन भागांत नियम वेगळे असतात, त्यामुळे मागच्या वर्षी चालत होतं म्हणून यंदा पण चालेल असं धरू नका. उदाहरण अस्वलाचं घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये लोकांनी मतदान करून आमिषावरची अस्वलाची शिकार बंद केली, मग ओरेगॉनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने १९९६ मध्ये. मेन नावाच्या राज्यात हाच प्रश्न २००४ ला आणि परत २०१४ ला मतदानाला आला आणि दोन्ही वेळेला लोकांनी आमिष चालू ठेवलं. एकच प्राणी, एकच पद्धत, चार राज्यांतल्या शहाण्या माणसांची उत्तरं वेगळी. म्हणजे कायद्यात बसतं का हे बघायलाच पाहिजे पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही, पुढचं तुम्हालाच ठरवायला लागतं.

स्वतःला विचारा, आमिषाने काम कुणाचं सोपं झालं

मी तरी हाच एक प्रश्न विचारतो. आमिषामुळे जनावराचा फायदा होतोय का, म्हणजे चुकीचं जनावर वाचतंय का, बरोबर जनावर एका गोळीत वेदनेशिवाय जातंय का, की फक्त माझे सुट्टीचे दिवस वाचतायत. पहिलं असेल तर पुढे विचार करू. दुसरंच असेल तर नको, इतकं साधं.

आमिषाच्या बाजूने खरा मुद्दा आहे तो ओळख पटण्याचा. दाट जंगलात काळं अस्वल दिसतं कसं, तर झाडीतून सरकणारा एक काळा डाग, तीन सेकंद. त्यात नर की मादी, पिल्लं आहेत की नाहीत, वय किती, काही कळत नाही. तेच अस्वल आमिषावर आलं की पंधरा-वीस मिनिटं थांबतं आणि तुम्हाला बघायला वेळ मिळतो. उभं ठेवलेलं २०० लिटरचं पिंप साधारण ८८ सेंटीमीटर उंच असतं, अस्वल चार पायांवर त्याच्या शेजारी उभं राहिलं आणि पाठ पिंपाच्या मध्यापर्यंतच पोचली तर ते लहान आहे, सोडून द्या. पाठ वरच्या कडेच्या आसपास असेल तर मोठं. कान बघा, तरुण अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि वर ताठ दिसतात, म्हाताऱ्या नराचं डोकं एवढं रुंद झालेलं असतं की कान बारके आणि बाजूला गेल्यासारखे वाटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची झाडी बघत राहा. मादी पुढे येते आणि पिल्लं बऱ्याचदा मागे थांबतात, किंवा झाडावर चढून बसतात आणि तिथून हूं का चूं करत नाहीत. अस्वल आल्याआल्या गोळी झाडायची असेल तर मग आमिषाने दिलेला तो वेळ तुम्ही वापरलाच नाही, आणि तुमच्या बाजूचा एकमेव चांगला मुद्दा पण तुम्हीच फेकून दिलात. दहा मिनिटं नुसतं बघायचं, हा नियम स्वतःला घालून घ्या.

बिबट्याच्या बाबतीत पण दक्षिण आफ्रिकेकडच्या भागात हेच कारण देतात, झाडाला मांस टांगून शेजारी ट्रेल कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावतात आणि फोटो बघून मोठा नर आहे याची खात्री झाल्यावरच तिथे बसतात. हे जिथे खरंच पाळलं जातं तिथे माझी हरकत कमी आहे.

दुसरं पटण्यासारखं कारण म्हणजे माणसांना धोका. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसं मारली आणि जिम कॉर्बेटने त्याला १९२६ च्या मे महिन्यात शेवटी टिपलं ते गळ्यात घंटा बांधलेल्या बकरीवर बसूनच. तिथे एका ठरावीक जनावराला बाकीच्यांतून वेगळं काढायचं होतं आणि दुसरा मार्ग उरला नव्हता. पण तेवढं सोडलं तर जिवंत जनावर बांधून ठेवणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही. बांधलेल्या रेड्याला रात्रभर काय होतं याची किंमत तुमच्या ट्रॉफीत कुठेच धरलेली नसते.

तिसरं कारण, बाहेरून आलेली आणि सगळं उद्ध्वस्त करणारी जनावरं, अमेरिकेतली मोकाट रानडुकरं हे सगळ्यात मोठं उदाहरण. तिथे आमिष हे नियंत्रणाचं साधन आहे. पण गंमत बघा, मक्यावर आलेल्या कळपातलं एक डुक्कर मारलं की बाकीची हुशार होतात, ती जागाच सोडतात आणि रात्री दुसरीकडे जातात. म्हणून जाणकार लोक कळपाला काही दिवस खायला घालून आख्खा कळप एकदम मोठ्या पिंजऱ्यात धरतात. नियंत्रण म्हणत असाल तर तसं करा, एकेक मारून मजा घ्यायची आणि वर निसर्गाची सेवा म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि न पटणारी कारणं, ती सगळ्यांना माहितीयेत. वेळ नाहीये, पैसे भरलेत, गाइडने हमी दिलीये. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या मित्रांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला, आणि त्या क्लबने 'फेअर चेस'ची कल्पना शिकाऱ्यांमध्ये रुजवली, त्यातला गाभा हाच की मोकळ्या जंगली जनावराला निसटायची खरी संधी असली पाहिजे. हमी दिली की ती संधी गेली.

हरणांसाठी ढीग नकोच

याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते भावनेचं नाही, रोगाचं आहे. हरणं एरवी चरताना पसरलेली असतात, एक इथे तोंड लावतं, पन्नास पावलांवर दुसरं. मक्याचा ढीग टाकला की सहा-सात तोंडं एका घमेल्याएवढ्या जागेत येतात, एकाची लाळ दुसऱ्याच्या दाण्यावर, नाकाला नाक, आणि खालची माती सगळ्यांच्या लघवी-लेंड्यांनी भरलेली. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणून एक रोग आहे, मेंदूला भोकं पडत जातात, हरीण वाळत वाळत मरतं, औषध नाही, लस नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये तो पहिल्यांदा दिसला आणि आज अमेरिकेतल्या ३० पेक्षा जास्त राज्यांत पोचलाय. तो जंतूने होत नाही, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, आणि ते प्रथिन लाळेतून, मूत्रातून मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथे टिकतं. विस्कॉन्सिनमध्ये मिठाच्या चाटणीच्या जागी मातीत आणि पाण्यात पण प्रायॉन सापडलेत. म्हणजे तुम्ही चाटण उचलून नेली, शिकार सोडून दिली, तरी ती जागा रोग वाटत राहू शकते. नॉर्वेत २०१६ मध्ये जंगली रेनडिअरमध्ये हा रोग सापडला, युरोपातली ती पहिलीच केस, आणि तो पसरू नये म्हणून त्या भागातला २००० हून जास्त जनावरांचा आख्खा कळप संपवायला लागला.

मिशिगनच्या ईशान्य भागात गुरांचा क्षयरोग जंगली हरणांमध्ये मुरून बसलाय, १९९४ मध्ये शिकाऱ्याने मारलेल्या एका हरणात तो सापडला आणि मग तपासणी वाढवल्यावर कळलं की तो हरणांमध्ये आपला आपणच फिरतोय. एवढी हरणं एकत्र यायला मोठं कारण काय, तर खायला टाकलेले ढीग. तिथल्या गुरांच्या मालकांना पण त्याचा त्रास झाला, ज्यांचा शिकारीशी काही संबंध नव्हता.

बरं, रोग नसेल तरी मका हे हरणाचं हिवाळ्यातलं खाणंच नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सूक्ष्मजीव असतात, हिवाळ्यात ते काटक्या, कोंब, साली पचवायला सरावलेले असतात आणि त्यांना दुसऱ्या खाण्याला जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. अचानक पोटभर मका मिळाला की आत आम्ल एवढं तयार होतं की हरीण भरल्या पोटी एक-दोन दिवसांत मरतं. कडाक्याची थंडी बघून दया आली म्हणून पोतं ओतणारी माणसं चांगल्या मनाची असतात, पण त्यातून मेलेली हरणं पण खरी असतात. शिवाय मका ओला झाला की त्यावर बुरशी येते आणि त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष लिव्हर खराब करतं, टर्की आणि लाव्यासारख्या पक्ष्यांना तर ते फार लवकर बाधतं, आणि ढिगावर फक्त हरणंच येतात असं कोण म्हणालं. माणसांच्या खाण्यासाठी अमेरिकेत अफ्लाटॉक्सिनची मर्यादा अब्जात २० भाग आहे. माणसांच्या खाण्यातून बाद झालेला स्वस्त मका जनावरांना चालेल असं समजून आणू नका.

आणि एवढं करून फायदा तरी किती. ज्या ढिगावर गोळ्या झडतात तिथे मोठी, अनुभवी हरणं दिवसा यायचं बंद करतात, अंधार पडल्यावर येतात. तुम्ही बसता संध्याकाळी, ती जेवतात मध्यरात्री. खाण्याच्या जागा आणि झोपायच्या जागा यांच्यामधली पायवाट शोधा, वारा बघा, तिथे बसा. जास्त मेहनत आहे पण शिकार शिकायची तर तिथेच शिकता येते.

ठरवलंच असेल तर खाणं काय, किती, कुठे

समजा कायदा परवानगी देतो, कारण पटण्यासारखं आहे आणि प्राणी अस्वल किंवा रानडुक्कर आहे. मग पहिली गोष्ट म्हणजे चॉकलेट नाही. कुठल्याच रूपात नाही, कोको लावलेले डोनट नाहीत, केकचा चुरा नाही. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये आमिषाच्या एका जागेवर चार काळी अस्वलं मेलेली सापडली, दोन मोठ्या माद्या आणि दोन पिल्लं, सगळ्यांच्या पोटात चॉकलेट. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याला मारतं तसंच अस्वलाला पण मारतं. त्या राज्याने नंतर आमिषात चॉकलेटवर बंदीच घातली. त्या चौघांवर कुणी गोळी झाडली नव्हती, हे लक्षात घ्या. तसंच साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काही नको, खारवलेलं नको, बुरशी आलेलं नको, आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट तर अजिबातच नको, अस्वल वेष्टन सोलत बसत नाही.

प्रमाण कमीत कमी. जनावराने यावं, थोडं हुंगावं, घासभर खावं आणि जावं एवढंच हवं, त्याचं पोट भरायचं नाहीये. जर्मनीत रानडुकरांसाठी पोटभर चारा घालणं आणि नुसतं बोलावण्यापुरते दाणे टाकणं यात कायद्यानेच फरक केलाय, आणि काही राज्यांत बोलावण्यासाठी एका जागी साधारण एक लिटर मकाच चालतो. एक लिटर म्हणजे जेमतेम एक मोठा डबा. तो पण पसरून, पालापाचोळ्याखाली किंवा दगडाखाली ठेवायचा, म्हणजे डुक्कर मुस्कटाने उकरून काढतं आणि हरणं, पक्षी त्यावर येत नाहीत. जिथे आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाची साथ आहे तिथे मात्र हे पण नको, वनखात्याने सांगितल्याशिवाय डुकरांना एकत्र आणू नका.

जागा निवडताना अलास्काचे नियम मला चांगले वाटतात, तुमच्याकडे नसले तरी पाळण्यासारखे आहेत. सार्वजनिक रस्त्यापासून आणि पायवाटेपासून किमान पाव मैल म्हणजे ४०० मीटर, घर, शाळा, कॅम्पग्राउंड यांच्यापासून किमान एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. जागेची नोंदणी करायची, परमिट नंबर लिहिलेला इशाऱ्याचा बोर्ड लावायचा, म्हणजे कुणी लहान मुलाला घेऊन फिरायला आलं तर त्याला कळेल की इथे अस्वल येतं. बोर्ड लावला तर कुणीतरी येऊन आपली जागा खराब करेल म्हणून बरेच जण टाळतात. ते लोक ज्या अनोळखी माणसाला धोक्यात घालतात त्याचा विचारच करत नाहीत.

आणि अभयारण्याच्या हद्दीला चिकटून आमिष लावू नका, कायदा काहीही म्हणो. झिम्बाब्वेतला सेसिल सिंह सगळ्यांना आठवत असेल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधलेली होती, तो ह्वांगे नॅशनल पार्कचा, आणि २०१५ मध्ये पार्कच्या बाहेरच्या जमिनीवर मेलेल्या हत्तीच्या आमिषावर येऊन बाण लागून जखमी झाला आणि कित्येक तासांनी मारला गेला. मांसाचा वास हद्दीपाशी थांबत नाही. जे जनावर आत सुरक्षित म्हणून राखलंय त्याला वासाने बाहेर काढायचं आणि मग म्हणायचं की माझ्या हद्दीत होतं, याला मी शिकार म्हणणार नाही.

मचाणावर बसल्यावर

आमिषावर जनावर जवळ असतं, थांबलेलं असतं, म्हणून घाईचा शॉट मारायला काहीच कारण उरत नाही. आडवं उभं असेल किंवा थोडं पाठमोरं तिरकं असेल तरच, पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तर अजून चांगलं, फुप्फुसं मोकळी मिळतात. समोरासमोर तोंड असेल तर थांबा. डोकं पिंपात असेल तर थांबा, ते डोकं कधी आणि कसं बाहेर काढेल सांगता येत नाही आणि पाठीचा कोन सारखा बदलत असतो. मागे दुसरं जनावर असेल तर थांबा, गोळी आरपार जाते. अंधार पडायला लागला की बंदूक बाजूला ठेवा, कारण जखमी अस्वलाचा माग रात्री काढायला लागणं ही तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी पण वाईट गोष्ट आहे.

कोणतं जनावर मारणार आणि कोणतं नाही हे बसायच्या आधी कागदावर लिहा. गंमत नाही, खरंच लिहा. समोर काळीज धडधडत असताना माणूस स्वतःला काहीही पटवून देतो, "बहुतेक नरच आहे", "पिल्लं असती तर दिसली असती". कागदावर लिहिलेलं असलं की निदान त्याला ते वाचून मग खोटं बोलावं लागतं.

आवरणं हाच मोठा भाग

हंगाम संपला, किंवा लायसन्सवर परवानगी होती तेवढी शिकार झाली, की त्याच दिवसापासून खाणं बंद. पिंप, दोऱ्या, कॅमेऱ्याचे पट्टे, बोर्ड सगळं परत आणायचं. आणि खालची माती पण. तेल, मळी, सडका रस जिथे मुरलाय ती माती फावड्याने उकरून पोत्यात भरून न्यायची, अलास्कात तर हे नियमातच आहे. दहा-बारा सेंटीमीटर खोल उकरल्यावर पण वास येत असेल तर अजून खोल जा, तुमच्या नाकाला येतोय म्हणजे अस्वलाला तो कितीतरी लांबून येणार.

मारलेल्या जनावराची आतडी तिथेच टाकून गेलात तर ते पण आमिषच झालं, फक्त ते कोल्ह्या-गिधाडांसाठी. शिशाची गोळी वापरली असेल तर त्या मांसात शिशाचे बारीक कण पसरलेले असतात आणि ते खाऊन गरुड, गिधाडं विषबाधेने मरतात, कॅलिफोर्नियातली काँडॉर गिधाडं वाचवायच्या धडपडीत हेच मोठं कारण निघालं आणि तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. तांब्याच्या गोळ्या वापरा.

खायला घालायला सुरुवात करणं सोपं आणि थांबवणं अवघड, याचं मोठं उदाहरण वायोमिंगमधलं नॅशनल एल्क रेफ्यूज. १९१२ मध्ये कडक हिवाळ्यात एल्क, म्हणजे तिथली मोठी हरणं, उपासाने मरतायत म्हणून तिथे चारा घालायला लागले, हेतू अगदी चांगला, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी तो चारा पूर्ण बंद करता आलेला नाही कारण हजारो जनावरं त्याच्या भरवशावर तिथे येतात, आणि आता रोगाची भीती डोक्यावर आहे. तुमचं एक पिंप एवढं मोठं नाही हे मान्य, पण सवय लागायची तशीच लागते.

म्हणून आवरून झाल्यावर कॅमेरा मात्र तीन-चार आठवडे तिथेच राहू द्या, फक्त खाण्याशिवाय. रिकाम्या जागेवर कोण येतंय बघा. सुरुवातीला रोज येतील, हुंगतील, माती उकरतील, मग एक दिवसाआड, मग नाही. पण एखादं अस्वल तिथून निघून दरवेळी वस्तीच्या दिशेनेच जाताना दिसलं, किंवा भर दिवसा यायला लागलं, कॅमेऱ्याला माणसाचा वास असून बिचकत नसेल, तर ते फुटेज घेऊन वनखात्याकडे जा आणि आमिष मी लावलं होतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक खाणं घातलं होतं, हे सगळं खरंखरं सांगा, म्हणजे आसपासच्या लोकांना कचऱ्याचे डबे, कोंबड्यांची खुराडी आणि मधाच्या पेट्या वेळेत बंद करायला सांगता येईल.